मन मोकळं करायला फोन पुरतो का?

मुळशी तालुक्यातल्या रिहे गावातल्या बाईला ताप आला, तर दवाखान्यात जाताना कुणी काही विचारत नाही. पण ‘झोप लागत नाही, छातीत धडधडतं’ म्हणून तिनं औंधच्या जिल्हा रुग्णालयात जायचं म्हटलं, की घरात प्रश्न सुरू होतात. सोबत कोण येणार, धार कोण काढणार आणि मुख्य म्हणजे लोक काय म्हणतील? मग जाणं राहूनच जातं. रिह्याचं नाव घेतलं इतकंच, तुमच्या गावात तरी काय वेगळं आहे?

फोन मात्र आता बहुतेक घरांत आहे. त्यावर ताण हाताळायला शिकवणारे स्व-मदतीचे कार्यक्रमही आहेत. त्यांचा पाया असतो ‘कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी’, म्हणजे सीबीटी. नाव जड, पण गाभा सोपा आहे. घटनेइतकाच त्रास आपण तिचा काय अर्थ लावतो, त्यानं होतो. समजा, लेक कॉलेजातून यायला उशीर झाला आणि फोन लागेना. ‘काहीतरी वाईट झालं असणार’ हा विचार आला, की हातपाय गार पडतात. अशा वेळी वहीत तीन गोष्टी लिहायच्या: काय घडलं, मनात काय आलं, कसं वाटलं. मग स्वतःलाच विचारायचं, याला पुरावा काय? गाडी चुकली असेल का? खिंडीत रेंज नसेल का? काळजी लगेच जात नाही, पण तिचा जोर ओसरतो. हे रोज थोडं करावं लागतं, एकदा करून भागत नाही.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास तिचीच थोरली बहीण शोभेल अशी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. आपल्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि इथं रुजवली. समुद्रापलीकडून पत्रांनी शिकता आलं, तर फोनवरून का नाही? डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’चे मराठी व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत.

पण एकटीनं सुरू केलेला कार्यक्रम बऱ्याच जणी मध्येच सोडतात. अधूनमधून विचारपूस करणारं जाणतं माणूस असेल तर गुण जास्त येतो, असं अभ्यासांतूनही दिसलंय. आणि घरात सुनेला निवांत अर्धा तास मिळणार कुठून? ती फोन घेऊन बसली की ‘रील बघतेय’ असंच सगळ्यांना वाटतं!

दुसरं जरा स्पष्टच बोलते. प्रत्येक ताण विचारांच्या चुकीतून येत नाही. नवरा दारू पिऊन मारत असेल, तिला न विचारता जमीन विकली जात असेल, तर तिचा विचार बरोबरच आहे, चूक परिस्थितीत आहे. तिला ‘विचार बदल’ म्हणून सांगणं म्हणजे जुनंच ‘सोस बाई’ नव्या भाषेत. तिथं वही पुरत नाही. महिला हेल्पलाइन १८१ आहे, जिवाला धोका असेल तर ११२.

झोप-भूक आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर ॲपच्या नादी लागू नका. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ला सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’चा नंबर १४४१६ आहे. कॉल मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

रोजच्या कटकटींसाठी मात्र ती वही जरूर सुरू करा. फोन घरातल्या चौघांचा असेल आणि त्याचा पासवर्ड धाकट्यालाही पाठ असेल, तर वही कागदाचीच बरी. कुठं ठेवायची, ते तुम्हाला ठाऊक आहेच.