तिरळेपणाची तपासणी तालुक्यातच हवी

मूल तिरळे पाहते, हे घरच्यांच्या लवकर लक्षात येते. पण पोलादपूरची उमरठ-कुडपण बाजू असो की महाडची बिरवाडी-वरंध बाजू, पुढचे उत्तर बहुधा ठरलेले : 'मोठा झाला की सरळ होईल.' कुणी त्याला भाग्याचे लक्षणही म्हणते. या थांबण्याची किंमत मुलाची नजर मोजते.

पहिल्या चार महिन्यांत बाळाचा डोळा अधूनमधून वळला तरी चालते. त्यानंतर मात्र तपासणी लांबवू नये. दोन डोळ्यांची चित्रे जुळली नाहीत, की लहान मुलाचा मेंदू वळलेल्या डोळ्याचे चित्र सोडून देतो आणि तो डोळा 'आळशी' होतो. साधारण 7-8 वर्षांपर्यंत ही नजर चांगली सुधारते. पुढे ते कठीण होत जाते.

तिरळेपणाचा प्रकार कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. पहिली तपासणी बॅटरीची. दोन्ही बुबुळांवर प्रकाशाचा ठिपका सारख्याच जागी पडतो का, ते पाहतात. नाक बसके असलेल्या काही बाळांचे डोळे नुसतेच तिरळे भासतात, ते इथे कळते. दुसरी तपासणी डोळा झाकण्याची. मूल खेळण्याकडे पाहत असताना एक डोळा झाकायचा. उघडा डोळा बाहेर सरकून स्थिरावला, तर तो आत वळलेला होता. आत सरकला, तर बाहेर वळलेला. डोळा झाकणाआड वळला आणि झाकण काढताच जागेवर आला, तर तिरळेपणा छुपा आहे. वळण किती, हे प्रिझमने मोजतात. डोळे सर्व दिशांना फिरवून स्नायू किंवा नस कमजोर आहे का, ते पाहतात. बाहुली मोठी करणारे थेंब घालून चष्म्याचा नंबरही काढावा लागतो, कारण मोठ्या प्लस नंबरमुळे आत वळलेला डोळा अनेकदा चष्म्यानेच सरळ होतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला. त्याच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जायचे असते. पहिल्या दोन तपासण्यांना बॅटरी, खेळणे आणि दोन मिनिटे पुरतात. या भेटीत त्या प्रत्येक मुलाच्या व्हायला हव्यात.

खरी अडचण त्यापुढची आहे. जिल्हा रुग्णालय अलिबागला, पोलादपूरहून शंभरावर किलोमीटर. थेंब, चष्मा, चांगल्या डोळ्यावरची पट्टी यासाठी पुनःपुन्हा जावे लागते. लावणीच्या दिवसांत मजुरी बुडवून पालक किती खेपा घालणार? महिन्यातला एक ठरलेला दिवस महाडच्या सरकारी रुग्णालयात नेत्रतज्ज्ञांनी या मुलांसाठी द्यावा आणि ती तारीख प्रत्येक अंगणवाडीत लावावी. पालकांनीही तोवर थांबू नये. बाहुलीत पांढरी चमक दिसली किंवा मोठ्या माणसाचा डोळा अचानक वळून एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.