नफा येतो कोठून, हे आधी विचारा

दामदुप्पट योजना आपल्या समाजाला नव्या नाहीत. १९९० च्या दशकात सागवान लागवडीच्या नावाने घरोघरचे पैसे गोळा झाले, फायनान्स कंपन्यांची शटर्स एका रात्रीत खाली आली. आता त्याच धंद्याने क्रिप्टो चलनाचा अंगरखा चढविला आहे. कॉइन, टोकन, मायनिंग हे शब्द कानावर पडले की सामान्य माणसाला वाटते, हे आपल्या समजुतीपलीकडचे आहे, तेव्हा ज्याला समजते त्याच्यावर भरवसा ठेवावा. फसवणुकीची सुरुवात नेमकी येथूनच होते. वस्तुतः ती ओळखायला संगणकाचे ज्ञान लागत नाही. बाजारात बसणाऱ्या कोणत्याही दुकानदाराला ठाऊक असलेला एक प्रश्न पुरेसा आहे: हा नफा येतो कोठून?

महाराष्ट्रात गाजलेले गेनबिटकॉइन प्रकरण पाहा. बिटकॉइन द्या, दरमहा १० टक्के याप्रमाणे १८ महिने परतावा घ्या, अशी ती योजना होती. म्हणजे १० नाणी दिली तर १८ परत. पैसा मायनिंगमध्ये लावतो, असे सांगितले जाई. मायनिंग म्हणजे जगभरातील संगणकांची स्पर्धा. साधारण दर दहा मिनिटांनी ठराविक नवी नाणी निघतात आणि जो जिंकेल त्याला ती मिळतात. हे बक्षीस जुलै २०१६ मध्ये २५ वरून १२.५ नाण्यांवर आले, मे २०२० मध्ये ६.२५ वर आणि एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ वर. स्पर्धक वाढले की प्रत्येक यंत्राचा वाटाही घटतो. ज्या धंद्यात उत्पन्न स्वभावतःच घटत जाते, त्यात दरमहा ठराविक १० टक्के कोण देणार? जुन्यांना दिले ते नव्यांच्या खिशातून. नवे येईनासे झाले तेव्हा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे घरचेच टोकन हाती ठेवण्यात आले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य सूत्रधार अमित भारद्वाज यास अटक केली. २०२२ मध्ये तो मरण पावला, पण गुंतवणूकदारांची वणवण संपली नाही.

हिशेब दुसऱ्या बाजूनेही करून पाहा. दरमहा १० टक्के खरोखर मिळत असतील आणि ते पुन्हा गुंतविले, तर एक लाखाचे पाच वर्षांत तीन कोटींहून अधिक होतात. अशी विद्या ज्याच्या हाती आहे, तो तुमच्या एका लाखासाठी तुमच्या दारात का येईल?

वनकॉइनची कथा तर याहून अजब. त्या नाण्यामागे खरी ब्लॉकचेनच नव्हती. कंपनीच्या संगणकावर आकडे वाढत होते, एवढेच. २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी तिच्या प्रचारकांना पकडले. त्याच वर्षी तिची संस्थापिका रुजा इग्नातोव्हा बेपत्ता झाली. २०२२ मध्ये तिचे नाव अमेरिकेच्या एफबीआयच्या दहा फरारी गुन्हेगारांच्या यादीत गेले.

आता आपल्या घरातले बोलू. व्याजापासून दूर राहू इच्छिणारा मुसलमान बचत कोठे ठेवावी या विवंचनेत असतो. ही त्याची प्रामाणिक अडचण आहे आणि ठग तिचाच फायदा घेतात. बंगळूरच्या आय मॉनेटरी अॅडव्हायजरी अर्थात आयएमए या संस्थेने हलाल गुंतवणुकीच्या नावाने लोकांकडून सुमारे ४,००० कोटी रुपये जमविले आणि जून २०१९ मध्ये ती कोसळली. तेथे क्रिप्टो नव्हते, पण आमिष तेच होते. विधवांची पुंजी, मुलींच्या लग्नाचा पैसा, आखातात राबलेल्यांची कमाई त्यात गेली. उद्या हाच फलक 'हलाल कॉइन' म्हणून लागला, तर आपण ओळखणार आहोत का?

क्रिप्टो चलन जायज की नाजायज, याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. २०१८ मध्ये इजिप्तच्या मुफ्तींनी त्याविरुद्ध मत दिले. २०२१ मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने चलन म्हणून त्याचा वापर हराम ठरविला. काही विद्वान शर्तींवर मुभा देतात. पण येथे प्रश्न त्या मतभेदाचा नाही. मुदारबतमध्ये नफ्याचे प्रमाण ठरते, भांडवलावर ठराविक रक्कम बांधून देता येत नाही. नुकसान झाले तर ते भांडवलदाराने सोसायचे असते. जोखीम नाही तर नफ्यावर हक्कही नाही, हा फिक्हचा मान्य सिद्धांत आहे. तेव्हा 'नुकसान शून्य, नफा पक्का' हे वाक्य ज्याच्या तोंडून निघाले, त्याच्या योजनेला हलाल म्हणण्याचा प्रश्नच उरत नाही, मग त्याच्या कार्यालयात कितीही तुघरे टांगलेले असोत.

एजंट आणखी एक दाखला देतात: सरकार कर घेते, म्हणजे मान्यता आहे. हे खोटे आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा व्यवहारांच्या नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला, पण कर लावणे म्हणजे हमी देणे नव्हे. मार्च २०२३ पासून अशा कंपन्यांवर मनी लाँडरिंगविरोधी कायद्याचे बंधन आले आणि फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी आवश्यक झाली. ही नोंदणी आहे की नाही, ते जरूर पाहावे. नोंदणी असली तरी बँकेतील ठेवीला मिळते तसे विम्याचे संरक्षण येथे नाही, हेही विसरू नये.

हल्ली फसवणूक व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामच्या गटांतून चालते. बनावट अॅपवर नफा फुगलेला दिसतो. विश्वास बसावा म्हणून पहिले दोन-चार हजार परतही मिळतात. मोठी रक्कम काढू गेले की 'आधी टॅक्स भरा' अशी मागणी येते. आयकर सरकारला भरायचा असतो, अॅपवाल्याच्या खात्यात नव्हे. ही मागणी आली की एक पैसाही पुढे टाकू नये. आपल्या वॉलेटचे बारा किंवा चोवीस गुप्त शब्द कोणालाही सांगू नयेत. आणि 'बुडालेले पैसे काढून देतो' म्हणणारा बहुधा दुसरा ठग असतो.

सर्वांत अवघड गोष्ट ही की, आमंत्रण घेऊन परका येत नाही. मामू येतात, सासरचे भाईजान येतात, मशिदीत शेजारी बसणारे हाजीसाहेब येतात. त्यांना हिशेब विचारणे आपल्याला बेअदबी वाटते. परंतु सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. सूरह हुजुरातमध्ये खबरीची शहानिशा करण्याचा आदेश आहे. विचारणे हा अविश्वास नव्हे, ती दीनची शिस्त आहे. जे मामू कमिशनवर माणसे जोडतात, त्यांनीही ध्यानात घ्यावे की उद्या नातेवाइकांना जाब त्यांनाच द्यावा लागेल.

फसलेल्यांनी अब्रूच्या भीतीने गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत खात्यातील रक्कम गोठविता येण्याची शक्यता असते. पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा आणि देशात २०१९ चा कायदा आहे. पण कायदा तक्रारीवाचून हलत नाही, आणि आपण गप्प राहिलो की त्याच ठगाला पुढची गल्ली मोकळी मिळते.

आपल्या व्यापारी मंडळींनी आणि मशीद कमिट्यांनी एवढे ठरवावे की, नफा येतो कोठून याचे उत्तर कागदावर दिल्याशिवाय कोणत्याही योजनेला आपल्या आवारात जागा नाही. कष्टाची कमाई ही अल्लाहची अमानत आहे. ती अनोळखी आकड्यांच्या हवाली करण्याचा अधिकार आपल्याला नाही.