ताल धरायला पार्टनर लागतो

लोणावळ्याला निघालेल्या गाड्यांमध्ये हल्ली एक सीन कॉमन आहे. मागे कारसीटमध्ये बाळ आणि ब्लूटूथवर मोझार्ट. का, तर म्हणे बुद्धी वाढते! अहो, १९९३चा तो गाजलेला प्रयोग कॉलेजच्या मुलांवर झाला होता. दहा मिनिटं मोझार्ट ऐकून त्यांना एका प्रकारची कोडी जरा बरी सुटली. पंधराएक मिनिटांत तो परिणामही ओसरला. बाळांचा तिथं संबंधच नव्हता.

माझ्या मित्रमंडळींत तर अडीच वर्षांच्या पोराला कीबोर्डच्या क्लासला घालणारेही आहेत. त्यांना मी २००९चा जर्मनीतला एक अभ्यास सांगते. अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला. कधी जोडीला माणूस, कधी मशीन, कधी नुसता स्पीकर. ताल सर्वांत चांगला जमला तो माणसाबरोबर.

मावळात हे नवीन नाही. मळवलीला लोकलमधून उतरून भाज्याची लेणी गाठा. तिथल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पात एक बाई नाचतेय आणि दुसरी तबल्यासारखं वाद्य वाजवतेय. इथल्या गावांमधल्या भजनातही पोरं आजोबांच्या मांडीवर बसून टाळ धरतात. सिलॅबस नाही, परीक्षा नाही.

मग घरी काय करायचं? पहिल्या वर्षी अंगाई, आणि मांडीवर बसवून तालात झुलवणं. दुसऱ्या वर्षी टाळ्या, खुळखुळा, वाटी-चमचा. चिक्कीचा रिकामा खोका म्हणजे फर्स्टक्लास ढोल! तिसऱ्या वर्षी तीच ती बडबडगीतं, शंभर वेळा. तुम्ही कंटाळाल, मूल नाही. मध्येच थांबा, पुढचा शब्द त्याला म्हणू द्या. चार-पाचव्या वर्षी तालावर चालणं, हळू-जलद, मोठा आवाज-बारीक आवाज असे खेळ. तोवर ताल चुकला तर टोकू नका, ते वयच तसं असतं.

‘पण माझा गळा बेसूर आहे!’ असू दे. नुकतं जन्मलेलं बाळसुद्धा आईचा आवाज ओळखतं, आणि त्याला तोच जास्त आवडतो. हिंजवडीहून ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत पोराच्या झोपेला जेमतेम अर्धा तास उरतो. तो स्पीकरला देऊन टाकू नका. मोबाइल बाजूला ठेवा आणि स्वतः गा.