बोनस द्या, पण आधी सांगून

पावसाळ्यात मुळशीला बंगला घेऊन राहणाऱ्या मंडळींची दुपार बहुधा घरातच जाते. ताम्हिणीला कोसळत असतं, बाहेर पडवत नाही, पत्तेही खेळून होतात. अशा वेळी हल्ली कुणीतरी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढतं. एकजण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. धोक्याचं काही करायचं तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, ठरलेला आकडा गाठला तर जमलं. हा खेळ १९७४चा, पण त्यासाठी परदेशी राक्षसच हवेत असं नाही. १८१८ साल धरा, इंग्रजांची फौज मावळात उतरली आहे आणि तुमचा पहारेकरी रात्री भर पावसात घनगडाचा कातळ चढतो आहे. छान गोष्ट होते.

मला बोलायचं आहे ते डीएमशी, आणि तेही बोनसबद्दल. कारण बहुतेक भांडणं तिथेच होतात.

त्या कातळासाठी १५ हवेत असं ठरवलंत, तर पहारेकरी शंभरात ३० वेळा वर पोचेल. या खेळाच्या २०१४च्या नियमांतला ‘इन्स्पिरेशन’ हा बोनस त्याच्याकडे असेल तर तो दोन फासे टाकतो आणि मोठा आकडा धरतो; मग तेच ५१ होतात. त्याऐवजी आकड्यात सरळ २ मिळवायला दिलेत तर ४०. म्हणजे दोन फासे केव्हाही बरे? नाही. काम इतकं अवघड असेल की २०च पडायला हवेत, तर दोन फाशांनी ५चे जेमतेम पावणेदहा होतात, आणि सरळ २ मिळवले तर १५. मधल्या कामाला दोन फासे द्या, अचाट कामाला थेट आकडा द्या. (२०२४च्या नियमांत पडलेला फासा पुन्हा टाकता येतो, पण दुसरा आकडा वाईट आला तरी तोच धरायचा.)

आता बोनस कशाबद्दल द्यायचा? इथे तुमच्या बंगल्याशेजारच्या गावातली कबड्डी बघा. निदानरेषेपलीकडे एक मीटरवर बोनस रेषा आखलेली असते. समोर किमान सहा गडी असतील तरच तो गुण मिळतो, आणि एक पाय रेषेपलीकडे टेकलेला, दुसरा हवेत असावा लागतो. त्या गुणाने तुमचा बाद गडी आत येत नाही. समोर माणसं भरपूर असताना आत शिरण्याचं धाडस केलं, त्याचा तो मोबदला. पंचाशी वाद होतो तो पाय टेकला की नाही एवढ्यावर. बोनस कशाचा, यावर कधीच नाही.

डीएमनेही खेळ सुरू होण्याआधी हे सांगून टाकावं. ‘छान बोललास, घे बोनस’ असं करू नका. मोठ्या आवाजाचा, नाटकात कामं केलेला एखादा मामेभाऊ सगळे बोनस घेऊन जातो आणि कोपऱ्यातली लाजरी पोरगी संध्याकाळपर्यंत कोरीच राहते. ती फासा उत्तम टाकत असेल, नकाशा तिच्याच लक्षात राहत असेल, तरी.

मला स्वतःला ‘फेट’ या खेळातली पद्धत सर्वांत पटते. प्रत्येक पात्राचा एक दोष आधीच लिहून ठेवायचा. पहारेकरी लोभी आहे, असं समजा. इंग्रजांच्या छावणीतली थैली दिसली की त्याने पळायचं सोडून तिकडे वळायचं, संकट ओढवून घ्यायचं आणि गुण मिळवायचा. यात लाजऱ्यालाही संधी मिळते, गोष्टही पुढे सरकते.

बोनस साठवू मात्र देऊ नका. ‘इन्स्पिरेशन’ एका वेळी एकच ठेवता येतं, ते त्यासाठीच. ‘सॅव्हेज वर्ल्ड्स’ या खेळात प्रत्येक बैठकीला तीन ‘बेनी’, म्हणजे बोनस, मिळतात आणि उरलेले पुढच्या बैठकीला चालत नाहीत. हिशेबाला चिंचोके घ्या, शेंगदाणे नकोत. पहिल्या लढाईआधीच संपतात.