शॅनन: विमाने डोक्यावरून जाऊ लागली तेव्हा

१/
आयर्लंडच्या पश्चिमेला, लिमरिकजवळ, शॅनन नदीच्या मुखाशी एक विमानतळ आहे. प्रवासीसंख्येत तो आज राजधानी डब्लिनच्या जवळपासही नाही. तरीही हवाई वाहतुकीच्या इतिहासात त्याचे पान डब्लिनहून मोठे आहे.

२/
त्याला महत्त्व दिले ते नकाशाने. युद्धोत्तर काळातील पिस्टन इंजिनांच्या विमानांना युरोपातून न्यूयॉर्क एका दमात गाठणे अवघड होते. अटलांटिकआधीची शेवटची भूमी आयर्लंडची. म्हणून इंधनासाठी शॅननला उतरणे आले, आणि प्रवाशांना ताटकळणेही.

३/
या सक्तीच्या थांब्यातून व्यवसाय उभा केला ब्रेंडन ओ'रीगन यांनी. विमानतळावरील खानपानाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: जो प्रवासी कायद्याने देशात शिरलेलाच नाही, त्याच्या खरेदीवर देशाने कर का घ्यावा? १९४७ मध्ये आयर्लंडच्या संसदेने कायदा करून शॅननला जकातमुक्त ठरवले आणि विमानतळावरचे जगातले पहिले ड्यूटी-फ्री दुकान तिथे निघाले. (मुंबईला उतरताना चॉकलेटांच्या पिशव्या भरणाऱ्यांना हे गाव सहसा ठाऊक नसते.)

४/
खरी कसोटी पुढे होती. १९५८ मध्ये अटलांटिकपार जेट सेवा सुरू झाली. जेटना थांब्याची गरज उरत नव्हती. विमाने शॅननच्या डोक्यावरून जाणार, हे स्पष्ट झाले. त्या दशकात सुमारे ४ लाख माणसे पोटासाठी आयर्लंड सोडून गेली होती. अशा देशाच्या पश्चिम भागात विमानतळ ओस पडणे म्हणजे आणखी कित्येक घरांना कुलूप.

५/
उत्तर १९५९ मध्ये आले. विमानतळाच्या विकासासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि धावपट्टीलगत मुक्त औद्योगिक क्षेत्र आखले गेले. परदेशी उद्योगांनी कच्चा माल आणावा, तिथेच वस्तू घडवावी, बाहेर पाठवावी. सीमाशुल्क नाही, निर्यातीच्या नफ्यावर करसवलत. कामगारांसाठी घरे बांधली गेली आणि शॅनन नावाचे नवे शहर वसले. १९६५ चे कांडला, १९७३ चे मुंबईतील सीप्झ ही याच जातीच्या कल्पनेची भारतीय रूपे. १९८० मध्ये चीनचे जियांग झेमिन शॅनन पाहून गेले. शेन्झेनचे विशेष क्षेत्र त्याच वर्षीचे.

६/
शॅनन टिकले ते सरकारी कृपेने, असे म्हणणारे एका नियमाकडे बोट दाखवतात. अटलांटिकपार विमानांनी डब्लिनला जाता-येता शॅननला थांबलेच पाहिजे, असा दंडक दीर्घकाळ होता. १९९३ मध्ये तो सैल झाला, २००८ मध्ये संपला. त्यावर अनेकांची चूल पेटली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ती कुबडी होती. तिने धावपट्टी गजबजलेली ठेवली. नवे काही दिले नाही. जे जगाने उचलले, ते दुकान आणि ते औद्योगिक क्षेत्र, दोन्ही या दंडकाचे अपत्य नव्हे. संरक्षण आणि कल्पकता यांची गल्लत करणारा इतिहास डब्लिनलाही न्याय देत नाही आणि शॅननलाही.

७/
पुढेही हेच दिसते. १९८० च्या दशकात सोव्हिएत एरोफ्लोटने आपले इंधन जहाजाने आणून शॅननला साठवले. परकीय चलनाची चणचण असलेल्या मॉस्कोला ते सोयीचे होते. याच ओळखीतून १९८८ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर आयरिश सहभागाने ड्यूटी-फ्री दुकान उघडले. शीतयुद्ध अजून संपायचे होते!

८/
२००९ पासून अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टम्स, दोन्ही तपासण्या शॅननलाच होऊ लागल्या. युरोपात ही पूर्ण सोय प्रथम इथेच झाली. त्याच वर्षी ब्रिटिश एअरवेजने लंडन सिटी विमानतळावरून न्यूयॉर्कसाठी एक छोटे विमान सुरू केले. तिथली धावपट्टी आखूड, त्यामुळे पूर्ण इंधन घेऊन उडता येत नसे. जाताना ते शॅननला उतरे, टाकी भरे, आणि तेवढ्या वेळात प्रवाशांची अमेरिकी तपासणी उरकून जाई. न्यूयॉर्कला ते देशांतर्गत प्रवाशांसारखे सरळ बाहेर पडत. या थांब्याची सक्ती मात्र आयर्लंडच्या कोणत्याही कायद्याने केलेली नव्हती.