लेक निघाली परिषदेला

सोलापूरच्या एका भगिनीचं पत्र आलंय. मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिचा बारा मुलामुलींचा गट चार दिवस हैदराबादला 'अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषदे'ला निघालाय. "पैशांचं मी भिशीतून बघेन, पण ह्यांनी साफ नाही म्हटलंय. तिच्या वाट्याला पाकिस्तान आलाय. आपल्या घरातली मुलगी त्यांची बाजू मांडणार नाही, म्हणतात. ताई, मी काय करू?"

आधी हा प्रकार काय ते पाहू. संयुक्त राष्ट्रांत 193 सभासद देश आहेत. मुलं त्यांतला एकेक देश होऊन बसतात. पसंती कळवता येते, पण हवा तो देश मिळेलच असं नाही. त्या देशाची भूमिका आधी लिहून पाठवायची. तिथे पाटी वर करून बोलायची पाळी मागायची, मिनिट-दीड मिनिटात म्हणणं मांडायचं, मधल्या सुट्टीत चार देश गोळा करून ठरावाचा मसुदा करायचा. 'मला वाटतं' म्हणायची सोय नाही, 'आमच्या देशाचं म्हणणं' असंच बोलायचं. सुरक्षा परिषद असेल तर 15 देश, ठरावाला 9 मतं लागतात, आणि पाच कायम सभासदांपैकी एकानं जरी विरोधी मत दिलं तरी सगळं मुसळ केरात!

लेकीचा विषय आहे नद्यांचं पाणी. 1960 च्या करारानं रावी, बियास, सतलज भारताकडे आल्या; सिंधू, झेलम, चिनाब यांचं पाणी मुख्यतः पाकिस्तानला गेलं. 2025 च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतानं हा करार स्थगित ठेवला. तेव्हा वडिलांचा राग मला कळतो. पण बाई, पडद्यावरच्या निळू फुल्यांना बायकांनी काय कमी शिव्या घातल्या? आणि तो गृहस्थ प्रत्यक्षात सेवादलात वाढलेला साधा माणूस! लेक पाकिस्तानची होत नाहीये. त्यांचा मुद्दा काय, तो कुठे लंगडा पडतो, हे तिला या निमित्तानं कळेल.

ह्यांच्याशी वाद घालू नका. रात्री जेवणं झाली की त्यांनाच भारताच्या खुर्चीवर बसवा. घड्याळ लावून लेकीनं दीड मिनिट बोलावं, त्यांनी उत्तर द्यावं. जिंकायचं म्हणून तरी गृहस्थ वर्तमानपत्र नीट वाचतील! तिला इंग्रजीची धास्ती आहे म्हणता, तीही या सरावानं कमी होईल. सासूबाईंनी नाक मुरडलं तर सांगा, 1953 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्षस्थानी विजयालक्ष्मी पंडित बसल्या होत्या, तिथल्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. आणि 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष'ऐवजी 'सर्व माणसं' असा शब्द आला, तो आपल्या हंसा मेहतांच्या आग्रहामुळे.

मला काळजी वेगळीच वाटते. अशा परिषदा हल्ली उदंड झाल्यात, आणि सगळ्याच पैशाला जागणाऱ्या नसतात. भिशीचे पैसे देण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा: प्रवेश फी किती, राहणं-जेवण त्यात धरलंय का, जाणं रद्द झालं तर परत काय मिळतं, सोबत बाई-शिक्षक आहेत का, मुलींचा मुक्काम कुठे. उत्तरं कागदावर घ्या. इथे कुणी टाळाटाळ केली, तर मात्र मी ह्यांच्या बाजूची.

कपड्यांसाठी नवा कोट शिवू नका. साडी चालते का ते विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी चालते. काठाची सुती साडी, घरी दोनदा नेसून सवय केलेली, आणि सपाट चपला. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी अन् थोड्या दशम्या द्या. बाराजणांत डबा फिरतो, म्हणून चटणी जरा जास्तच करा. झाकणांवर नाव मात्र घाला, एखादं तरी हैदराबादला राहतंच.