वाडा पाडायचाच का?

लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळातील उंच, अरुंद घरे आजही रांगेने उभी आहेत. आत मात्र एका कुटुंबाच्या जागी तीन-चार फ्लॅट. दर्शनी भिंत तीच, जिना बहुधा तोच. वरच्यांची पावले खाली ऐकू येऊ नयेत म्हणून तक्तपोशीचा बंदोबस्त नवा. फ्लॅट मिळतो तो दीर्घ भाडेपट्ट्याने. पट्टा ऐंशी वर्षांच्या खाली आला की तिथल्या बँकाही नाक मुरडतात! १९९३ च्या कायद्याने फ्लॅटधारकांना एकत्र येऊन मूळ मालकी विकत घेण्याचा हक्क दिला.

आपल्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात मात्र वाड्याचे फ्लॅट म्हणजे आधी वाडा पाडायचा, हे आपण धरूनच चालतो. आम्ही बँकेत कर्जाचे कागद रोज पाहतो. घोडे लाकडा-विटांपाशी अडत नाही, वारसनोंदीपाशी अडते. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबाच. वारस बारा, दोघे पुण्यात, एक अमेरिकेत. सही कोणी देत नाही, अशा वाड्याच्या दुरुस्तीला कर्ज कोण देणार? छप्पर गळत राहते आणि बिल्डर एकेकाला गाठतो.

तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्याने सांभाळला. आपले वाडे सांभाळायला कोणते खाते येणार आहे? दिवाळीला सारे भाऊबंद जमाल, तेव्हा फराळाच्या आधी नावे चढवण्याच्या अर्जावर सह्या करून घ्या.